मधली चिठ्ठी

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात माझी भाची गणित शिकवते. परवा फोनवर म्हणाली, "मामा, माझा वर्ग बंद झाला." वर्ग म्हणजे कच्च्या मुलांचा बीजगणिताचा वर्ग. तिकडे 2017 साली एबी 705 नावाचा कायदा झाला. पूर्वी अशा मुलांना आधी पदवीत न धरले जाणारे वर्ग एकामागून एक करायला लावत, आणि बरीच मुलं त्या पायऱ्यांवरच गळत. आता बहुतेकांना थेट पदवीला चालणाऱ्या संख्याशास्त्रासारख्या विषयाला बसवतात, वर मदतीचे तास देतात. भाचीचं दुखणं समजलं, पण मनातून मी कायद्याच्या बाजूचा. बीजगणित माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. संख्याशास्त्र मात्र एका सकाळी कायमचं शिरलं.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एफ. वाय. बी. कॉम.ला, दहावीत गणितात काठावर सुटलेल्यांसाठी सकाळी सातचा जादा तास असे. एकदा सरांनी कागदाचे कपटे वाटले. "घरचं महिन्याचं उत्पन्न लिहा. नाव नको." पुढच्या बाकांवरच्या अकरा चिठ्ठ्या डब्याच्या झाकणात गोळा केल्या. बेरीज 13,200. भागिले अकरा, बरोबर 1,200. "बाराशे रुपये कुणाच्या घरी येतात?" वर्ग गप्प. मग त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर चढत्या क्रमाने लावल्या, पंख्याने उडू नयेत म्हणून वर खडूचे तुकडे ठेवले. 300, 350, 400, पुन्हा 400... दहावी 700. अकरावी एकदम 8,300. ती कुणाची, हे पायातल्या बुटांवरून सगळ्यांना ठाऊक होतं. सरांचं बोट सरकत सहाव्या चिठ्ठीवर थांबलं. 500. अक्षर माझं होतं, पगार वडिलांचा.

"हा मध्यक," सर म्हणाले. "वर्ग बघायचा तर इथून बघा."

माझ्या अलीकडे पाच घरं होती. तोवर मला वाटायचं, आपल्या खाली कुणीच नाही.

तेव्हापासून सरासरीशी माझं वाकडं आहे. पुढे बँकेत नोकरी लागली. दरवर्षी शाखेचा अहवाल लिहिताना "प्रतिखाते सरासरी ठेव" हा रकाना भरावा लागे. बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याने मुदत ठेव ठेवली की निराधार पेन्शनच्या खात्यांसकट अख्खा गाव कागदावर सधन होई. साहेब खूश. मला मात्र सहावी चिठ्ठी दिसे.

आकडे फुगण्यावरून इथे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे मध्येच येतात. जागा चुकली असेल, पण सांगतोच. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा हा माणूस पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचा प्रमुख झाला. त्याआधी, 1946 साली, 'नेचर' नियतकालिकात त्यांची आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांची जुंपली होती. महालनोबिस शेतातला लहानसा तुकडा कापून पिकाचा अंदाज बांधत. सुखात्म्यांचं म्हणणं, लहान तुकड्याने उत्पन्न फुगतं. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी. आणि कडेवरचं रोप आत की बाहेर असा प्रश्न पडला, की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. हे वाचलं तेव्हा मला आमचे सर आठवले. आकडा कशाने फुगला ते बघायचं, ही दोघांची एकच शिकवण.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या सरांनी पुस्तक उघडलंच नाही की." उघडलं होतं. परीक्षेपुरतं. प्रमाण विचलनाचं सूत्र मी तेव्हाच विसरलो आणि त्यावाचून काही अडलं नाही. अशा वर्गांना आपल्याकडे अजून 'ढ' मुलांची सोय समजतात. माझ्या मते तो वर्ग हुशार मुलांनाही सक्तीचा हवा, कारण फुगवलेले आकडे पुढे तेच तयार करतात.

आता प्रवेशाचे दिवस आलेत. शेजारच्या मुलाने एका इंजिनिअरिंग कॉलेजचं माहितीपत्रक आणून दाखवलं. त्यावर 'सरासरी पॅकेज' बोटभर जाड अक्षरांत. परदेशी कंपनीत लागलेली दोन मुलं त्या आकड्याला पुरतात. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत उतरणाऱ्या अशा कॉलेजांना नोकरी लागलेल्या मुलांचा मध्यक पगार कळवावा लागतो. म्हणजे तो आकडा त्यांच्याकडे असतो. फी भरण्याआधी तोच मागा. आणि किती मुलांना नोकरी लागली, हेही त्याच दमात विचारा.