पडद्यावरचं भूत आणि घरामागची टेकडी

मुलांनो, तुमच्या घराच्या छपरावर आता छत्री असेल, नाहीतर तीही नसेल. पण गावातल्या जुन्या घरांकडे नीट निरखून बघा. एखाद्या गंजक्या पाइपवर अॅल्युमिनियमच्या आडव्या काड्या अजूनही दिसतील, आणि त्यातल्या एकदोन कावळ्यांनी बसून बसून वाकवलेल्या असतील. हाच तो टीव्हीचा अँटेना! तो कसा निवडायचा हे आज कुणी विचारत नाही. पण त्यामागचं शास्त्र मोठं गमतीचं आहे. ते मला आमच्या नेऱ्यात उमगलं, म्हणून सांगते.

नेरे हे पनवेल तालुक्यातलं, गाढी नदीच्या खोऱ्यातलं गाव. पूर्वेला प्रबळगड आणि माथेरानचे डोंगर. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्याचा वरळीचा मनोरा आमच्या पश्चिमेला, सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटरवर. अंतर तसं फार नाही, त्यामुळे चित्र ठळक यायचं. दुखणं वेगळंच होतं. प्रत्येक चित्राच्या उजव्या बाजूला त्याचंच एक फिकट चित्र दिसायचं. त्याला सगळे ‘भूत’ म्हणत. 1987 साली रामायण सुरू झालं, तेव्हा आजी म्हणायची, “आपल्या टीव्हीत रावणाला वीस तोंडं आहेत गं!” आम्ही हसायचो. पण दोन-दोन चित्रं बघून तिचं डोकं दुखायचं आणि बिचारी अर्ध्यातूनच उठून जायची. अख्खा आठवडा रविवारची वाट बघणारी माझी आजी!

दुकानदार म्हणाला, बूस्टर बसवा. आईने पैसेही बाजूला काढून ठेवले. तेवढ्यात काका सुटीला आले. त्यांनी पाच मिनिटं टीव्ही पाहिला आणि म्हणाले, “बूस्टर सगळंच मोठं करतो. भूतही मोठं होईल. जा, तुझी पट्टी घेऊन ये बघू.”

पट्टी कशाला, असं तुम्हीही विचाराल. जुन्या टीव्हीत चित्र कसं उमटायचं माहीत आहे? पडद्यावर एक बारीक झोत डावीकडून उजवीकडे रेघ ओढत जायचा. एक रेघ पुरी व्हायला त्याला सेकंदाचे 52 दशलक्षांश लागायचे. आता समजा, वरळीहून निघालेली लहर एकदा थेट आपल्याकडे आली, आणि तीच लहर पुढे जाऊन कुठल्याशा डोंगरावर आपटून परत आली. ही दुसरी लहर उशिरा पोचणार. तोवर झोत थोडा उजवीकडे सरकलेला असणार, म्हणून दुसरं चित्र उजवीकडे उमटणार. म्हणजे भूत हा टीव्हीचा आजार नव्हताच, तो प्रतिध्वनी होता!

आमचा टीव्ही 20 इंची, पडदा 40 सेंटीमीटर रुंद. मी मोजलं, भूत 4 सेंटीमीटर सरकलेलं होतं. रुंदीचा दहावा भाग, म्हणजे साधारण 5 दशलक्षांश सेकंद उशीर. एका दशलक्षांश सेकंदात रेडिओलहर 300 मीटर जाते. तेव्हा ही लहर दीड किलोमीटर जास्त फिरून आलेली. जाण्यायेण्याचं निम्मं निम्मं केलं, तर पाऊण किलोमीटर. काकांनी मागच्या खिडकीतून बोट दाखवलं. समोर आमची नेहमीची टेकडी, जिच्यावर आम्ही करवंदं काढायला जायचो!

आमचा अँटेना म्हणजे नुसती एक वळवलेली नळी. तो पुढून जेवढं ऐकतो तेवढंच मागूनही ऐकतो. आम्हाला हवा होता मागच्या बाजूने बहिरा असलेला अँटेना. असा अँटेना जपानमध्ये 1926 च्या सुमारास शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी या दोघांनी शोधून काढला. वळवलेल्या नळीच्या मागे जरा लांब काडी, पुढे जरा आखूड काड्या. त्यांना वायर जोडायचीच नाही! तरी त्या पुढची लहर गोळा करतात आणि मागची परतवतात. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला जपानी सैन्याला इंग्रजांचे रडारचे कागद सापडले. त्यात ‘यागी’ हा शब्द सारखा येत होता. तो आपल्याच प्राध्यापकाचं नाव आहे हे त्यांना एका इंग्रज कैद्याकडून कळलं, असं सांगतात.

दुकानात काड्या जितक्या जास्त तितका अँटेना भारी, असा समज असायचा. पण मुंबई केंद्र होतं चार नंबरच्या चॅनेलवर, 61 ते 68 मेगाहर्ट्झला. तिथे एकेक काडी सात फुटांच्या आसपास लागते. असा पुष्कळ काड्यांचा सांगाडा आमच्या पावसा-वाऱ्यात टिकतो कसला! काकांनी तीन काड्यांचाच घेतला.

मग ते कौलांवर चढले (कौलं कोरडी होती आणि विजेची तार लांब होती, हे आधी बघून, बरं का!). खालून “आलं का?”, “आलं!”, “गेलं, गेलं!” हे तर घरोघरी चालायचंच. पण काकांचा हुकूम निराळा होता. “चित्र ठळक झालं की ओरडू नकोस. भूत पुसट झालं की ओरड.” अँटेना वरळीपासून किंचित उत्तरेकडे वळला तेव्हा चित्र थोडं फिकं पडलं आणि भूत जवळजवळ गेलं. अगदी पुरतं नाही. आजी म्हणाली, “दहा झाली बाई तोंडं!”

बूस्टरचे पैसे गोल केबलला गेले. आधीची चपटी वायर पावसात भिजली की पडद्यावर मुंग्या यायच्या. शेजारी मिक्सर लागला की आडव्या रेघा, आणि रस्त्यावरून मोटारसायकल गेली की पांढरे ठिपके. मिक्सरची आणि इंजिनाची ठिणगीसुद्धा रेडिओलहरीच सोडते. गोल केबलला तारेच्या जाळीचं चिलखत असतं, त्यामुळे वायरीतून शिरणारा हा त्रास कमी झाला. अँटेनानेच पकडलेले ठिपके मात्र राहिले. तेवढे आम्ही सोसले.

पुढे दूरदर्शनने ते जुनं प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केलं. आता नेऱ्यातल्या छत्र्या मुंबईकडे पाठ करून दक्षिण-आग्नेयेला, वर आकाशात बघतात. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंच आहेत. त्यांची लहर डोंगरांच्या डोक्यावरून उतरते, त्यामुळे टेकडीला आता मध्ये बोलायला जागाच नाही.