अर्धे तेल

मराठीच्या प्राध्यापकाने गिअरबॉक्सविषयी लिहावे, याचे आमच्या अण्णांना हसूच येईल. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे काढलेल्या माणसाचा मी मुलगा. पण वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत पाना हाती धरायची वेळ माझ्यावर आली नव्हती. मी ती येऊ दिली नव्हती, असे म्हणणे अधिक खरे.

अण्णांचा डावा गुडघा क्लच दाबण्याच्या कामाचा राहिला नाही, तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी एक जुनी ऑटोमॅटिक मोटार घेतली. आई गेल्यानंतरच्या दोन वर्षांत मंडई, मित्र आणि महिन्यातून एकदा मसूरकडचे शेत, एवढे त्यांचे जग या मोटारीने शाबूत ठेवले होते. मग दिवाळीच्या सुमारास साठाच्या वेगाला गाडी थरथरू लागली. रस्त्यावरच्या आडव्या, उंच पट्ट्यांवरून जावे तशी चार-पाच सेकंदांची थरथर. की पुन्हा सारे शांत. सर्व्हिस सेंटरने ‘टॉर्क कन्व्हर्टर गेला आहे, पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल’ असे सांगून जो आकडा दिला, तो गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. “विकून टाकू,” मी म्हणालो. अण्णा काही बोलले नाहीत. आमच्यात ते नवे नव्हते. आई असेपर्यंत आमचे बोलणे तिच्यामार्फत चाले. ती गेल्यावर निरोप पोचवणारे कोणी उरले नाही.

माझा धंदा वाचण्याचा, म्हणून वाचायला बसलो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या यंत्रणेचे एकस्व घेतले ते मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी: टर्बाइन वेगाने फिरते, पंखा सावकाश फिरावा लागतो, या दोहोंना दात्यांवाचून कसे जोडायचे, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर म्हणजे तेल. एक चालू पंखा दुसऱ्या बंद पंख्यासमोर धरला की तोही फिरू लागतो. तसेच इंजिनाला जोडलेले चाक तेल फेकते आणि समोरचे चाक त्या तेलाच्या माऱ्याने फिरते. दोघांच्या मध्ये एक तिसरे, लहान चाक असते. परतणाऱ्या तेलाला ते योग्य दिशेने वळवते, आणि त्यामुळेच गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर सुमारे दुपटीने चाकांपर्यंत पोचतो. मात्र तेलातून जाणारी गती थोडी निसटतेच. म्हणून गाडीने वेग घेतला की आतला एक क्लच दोन्ही बाजू थेट जोडून टाकतो. त्याला लॉक-अप म्हणतात. तेल जुने होऊन त्याचा गुण सरला, की हा क्लच नीट धरतही नाही आणि सोडतही नाही; धरणे-सुटणे चालू राहते. थरथर ती हीच.

हे सारे मी अण्णांना सांगितले. यंत्राविषयी मी बोलतो आहे आणि ते ऐकत आहेत, असे आयुष्यात प्रथमच घडत होते. ‘आघूर्ण-परिवर्तक’ असा एक शब्दही मी जुळवून पाहिला. ते म्हणाले, “नाव राहू दे मास्तर, खूण सांग.” खूण सोपी होती. मोकळ्या रस्त्यावर थरथर सुरू झाली, की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला हलका पाय लावायचा. लॉक-अप सुटतो, त्याच क्षणी थरथर थांबली तर दोष तिथे, नाही थांबली तर इंजिनात शोधावा. मसूरच्या रस्त्यावर अण्णांनी तीनदा पाहिले. तिन्ही वेळा थांबली. “तेल कधी बदललंय?” त्यांनी विचारले. कागदपत्रांत नोंद नव्हती. गाडी विकणारा म्हणाला होता, हे तेल जन्मभर टिकते. “कुणाच्या जन्मभर?” अण्णा म्हणाले.

रविवारी सपाट अंगणात चारही चाके सारखी उचलून गाडी लोखंडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायला त्यांनी साफ मनाई केली. ते खुर्चीवर, मी गाडीखाली. मी ड्रेन प्लगला पाना लावताच वरून आवाज आला, “आधी भरायचं भोक उघड. ते गंजून बसलं असलं आणि तू तेल काढून ठेवलंस, तर गाडी इथंच राहील.” वर्गात मी किती मुलांची भांडी आधी रिकामी केली आणि भरायचे भोक उघडतच नाही हे नंतर पाहिले, ते तेव्हा आठवले.

लाल असायला हवे ते तेल काढ्यासारखे काळे निघाले. प्लगच्या चुंबकावरचा राखाडी गाळ अण्णांनी दोन बोटांत चोळला. “पीठ आहे, कणी नाही. कणी असती तर सर्व्हिस सेंटरवाला खरा.” निघालेले तेल मापून तेवढेच, कंपनीने सांगितलेल्याच जातीचे, नवे भरले. मग इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, प्रत्येक गिअर एकेकदा फिरवला आणि तेल ठरलेल्या तापमानाला आल्यावर पातळी तपासली. या कामात उतावळेपणा चालत नाही.

आत सात लिटर, निघाले साडेतीन. उरलेले कन्व्हर्टरच्या पोटात असते, ते खालच्या भोकातून येत नाही. म्हणजे एका बदलाने अर्धे जुनेच राहते, दुसऱ्याने पाव, तिसऱ्याने आठवा हिस्सा. पूर्ण नवे असे घरी कधीच होत नाही. पहिल्या खेपेनंतर थरथर कमी झाली, गेली नाही. हजार किलोमीटरनंतर दुसरी खेप केली; त्यानंतर ती क्वचित जाणवते. क्लचचे अस्तरच झिजले असते तर यातले काहीच उपयोगी पडले नसते; गिअरबॉक्स उतरवावाच लागला असता. ते काम अंगणातले नव्हे, हे आम्ही दोघेही जाणून होतो.

परवा अण्णांचा फोन आला. आईच्या काळात फोन तीच करी आणि शेवटी ‘बाबांशी बोल’ म्हणून त्यांच्या हाती देई. ते ‘बरं आहे’ म्हणून परत देत. या वेळी ते स्वतः बोलले. मसूरला जाऊन आले होते, गाडी नीट होती. मग थोडा वेळ कोणीच बोलले नाही, पण फोन त्यांनी ठेवला नाही.

“तिसरी खेप राहिलीय,” ते म्हणाले. “रविवारी ये.”