बैठाना

देऊळगाव राजासारख्या गावात राहून प्रबोधनकालीन युरोपातले जगाचे नकाशे जमवावेत, हा आमचा छंद अनेकांना विनोदी वाटत आला आहे. बालाजीच्या यात्रेला आलेले पाहुणे आमच्या भिंतीकडे पाहून हमखास विचारतात, 'ह्यात आपलं गाव कुठं?' गाव त्यात नसतेच. परंतु नकाशात आपले काही शोधण्याची सवय आम्हांला ह्याच प्रश्नाने लावली.

मूळ प्रती मास्तरच्या पगारात बसत नाहीत. वाल्डझेम्युलरच्या १५०७ च्या नकाशासाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने एक कोटी डॉलर मोजले होते. आमचा संग्रह त्यामुळे प्रतिकृतींचाच. एक पान मात्र आम्ही अस्सल म्हणून, बरीच बचत मोडून घेतले होते: टॉलेमीच्या 'भूगोला'तला आशियाचा दहावा नकाशा, मर्काटोरच्या १५७८ च्या आवृत्तीतला. त्यात भारताचे द्वीपकल्प जवळजवळ नाहीसे झाले आहे. किनारा दक्षिणेला वळण्याऐवजी पूर्वेकडे सरकत जातो. पण अशा चुकलेल्या भूमीवरही 'बैठाना' आहे. म्हणजे पैठण, सातवाहन पुळुमावीची राजधानी. इथून जालन्यावरून आम्ही कितीदा तरी गेलो, ते पैठण.

विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवताना हे पान आम्ही अभिमानाने वर्गात नेत असू. एके दिवशी भिंगाखाली पाहिले, तर रेषांच्या जागी छपाईचे बारीक ठिपके! ताम्रपटावरून छापलेल्या कागदावर पत्र्याच्या कडांचा दाब उमटतो, तोही नव्हता. पैसे गेल्याचे दुःख थोडे, पण ज्या वर्गाला आम्ही अस्सल-नक्कल पारखायला शिकवत होतो, त्याच वर्गाला इतकी वर्षे नक्कल दाखवत आलो, ही लाज मोठी होती. काही महिने आम्ही कोणाला बोललो नाही.

त्या दिवसांत मूळ प्रत म्हणजे काय, हा प्रश्न आमच्यापुरता पुस्तकी राहिला नाही. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या हातचा एकही नकाशा उरलेला नाही. उरली ती सुमारे आठ हजार स्थळांची अक्षांश-रेखांशांसह यादी, इ. स. १३०० च्या सुमारास बायझंटाइन पंडितांनी हा विस्मृतीत गेलेला ग्रंथ पुन्हा प्रकाशात आणला. मर्काटोरने १५६९ मध्ये स्वतःचा नवा जगाचा नकाशा काढला होता, आणि तरीही नऊ वर्षांनी तो टॉलेमीचे कालबाह्य नकाशे मागाहूनची भर काढून शुद्ध करीत बसला. पुढे सहाच वर्षांनी, शके १५०६ मध्ये, खुद्द पैठणात एकनाथ ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करीत होते. एकमेकांची वार्ताही नसलेली ही दोन माणसे, दोघांपुढे अनेक हातांतून आलेला जुना पाठ. एकनाथांनी तर आपण शोधन केल्याची नोंदही ग्रंथाच्या अखेरीस ठेवली.

आमच्या पानात उणीव होती ती ह्या नोंदीची. ते नक्कल होते म्हणून नव्हे, तर आपण नक्कल आहोत हे सांगत नव्हते म्हणून खोटे होते.

पुढच्या वर्षी आम्ही ते पुन्हा वर्गात नेले, सोबत भिंगही नेले, आणि सगळे सांगितले. आता ते भिंतीवर आहे. खाली आमच्या हस्ताक्षरातली 'प्रतिकृती' अशी चिठ्ठी. पाहुण्यांनी गाव विचारले की आम्ही बैठानावर बोट ठेवतो आणि म्हणतो, 'इथून थोडं वर.'