दस्तुरी नाक्यापासून पुढे, पायी

नेरळहून घाट चढून आलेली प्रत्येक खासगी मोटार दस्तुरी नाक्याशी थांबते. माथेरानमध्ये वाहनांना बंदी असल्याने तेथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी जावे लागते, किंवा घोडा करावा लागतो. अलीकडे मोजक्या ई-रिक्षा धावू लागल्या आहेत आणि अमन लॉजपासून छोटी गाडीही मिळते. तरीही या गावाची खरी गती माणसाच्या पावलांचीच आहे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी मी तेथे गेले, ते याच कारणासाठी.

सहा वर्षांपूर्वी याच नाक्यावरून मी हातरिक्षात बसून वर गेले होते. तेव्हा माझे वजन 118 किलो होते आणि गुडघे जिना चढू देत नव्हते. एक जण पुढून रिक्षा ओढत होता, दुसरे दोघे मागून रेटत होते. तिघांचे मिळून वजन माझ्या दुपटीहूनही कमी असावे. चढावर त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. पंचवीस वर्षे रुग्णांना ‘खाणे कमी करा, चालायला लागा’ असे सांगणारी डॉक्टर त्या रिक्षात खाली मान घालून बसली होती. या जानेवारीत मी तेथेच उतरले तेव्हा काटा 104 दाखवत होता. ही यशोगाथा नव्हे. मधल्या सहा आठवड्यांत काय घडले आणि ते कसे निभावले, एवढेच तुम्हाला सांगायचे आहे. तुमच्या घरात कोणी या शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर असेल, तर ते उपयोगी पडेल.

माझ्यावर झाली ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तीत दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा सुमारे पाऊण भाग किंवा त्याहून थोडा अधिक काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. भुकेची जाणीव करून देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने सुरुवातीला भूकही मंदावते. हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. पाचव्या दिवशी घरी पलंगावर बसून ‘हे मी काय करून घेतले?’ असे म्हणत आपण रडू, हे मात्र ठाऊक नव्हते. पुढे कळले की, पहिल्या काही आठवड्यांत असा पश्चात्ताप अनेकांना होतो. भूल, वेदना, अपुरे अन्न आणि अचानक बदललेला दिनक्रम या सर्वांचा तो परिणाम असतो. निर्णय चुकला, असा त्याचा अर्थ नसतो.

दस्तुरीवर सामान हमालाकडे दिले. सहा आठवडे झाले असले, तरी माझ्या शल्यचिकित्सकांनी अजून जड उचलण्याची परवानगी दिली नव्हती. टाके बाहेरून लहान दिसतात. आतली जखम भरायला वेळ लागतो. मग छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेने, तांबड्या मातीतून आम्ही दोघे चालू लागलो. माझे यजमान सवयीने चार पावले पुढे जात आणि थांबत. तिसऱ्या वेळी मी त्यांना म्हटले, “तुम्ही पुढे थांबू नका, माझ्या बाजूने चाला.” त्यानंतर ते बाजूने चालले. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या घरच्यांना मी हाच पहिला सल्ला देईन.

चालणे खरे तर रुग्णालयातच सुरू झाले होते. शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच परिचारिकेने मला उभे केले, कारण पडून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पहिल्या दिवशी खाटेपासून दारापर्यंत, आठवड्याने घरात पाच-पाच मिनिटे दिवसातून सहा वेळा, महिन्याने इमारतीच्या आवारात वीस मिनिटे, असा क्रम होता. खांद्यात दुखे ते पोटात भरलेल्या वायूमुळे. ते चालण्यानेच काही दिवसांत ओसरले. माथेरानच्या त्या वाटेवर मी चार ठिकाणी बसले. बाजार गाठायला दीड तास लागला. आमच्या मागून निघालेली शाळेची सहल केव्हाच पुढे गेली होती.

वाटेत बसले की पिशवीतील बाटली काढून एक घोट पाणी घ्यायचे. घटाघटा पाणी पिण्याचे सुख तूर्त विसरावे लागते. दिवसाला दीड-दोन लिटर द्रव पोटात जायला हवा आणि एका वेळी मात्र एक-दोन घोटच मावतात. म्हणजे पाणी पिणे हे दिवसभराचे काम होऊन बसते. लघवी गडद होऊ लागली, उठताना चक्कर आली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास थांबावे. सुरुवातीला मी औषधाच्या छोट्या कपाने मोजून पाणी घेत असे.

बाजारपेठेत शिरताच चिक्कीचा वास आला. गूळ कढत ठेवला की येतो तो खमंग, किंचित करपलेला वास. माझे वडील माथेरानहून येताना शेंगदाण्याची चिक्की आणत आणि आम्हा भावंडांना मोजून तुकडे देत. मी दुकानापुढे थांबले आणि माझे डोळे भरून आले. भूक लागली नव्हती. मग रडू कशाचे होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे सहा आठवडे गेले होते. अन्न हा आपला सण असतो, पाहुणचार असतो, आईचा हात असतो. अनेकांसाठी ते एकटेपणावरचे औषधही असते. दवाखाना बंद करून रात्री दहाला घरी आल्यावर मी फरसाणाचा डबा उघडत असे, तेव्हा पोट रिकामे नसे. दिवसभर ऐकलेली दुखणी कोठेतरी ठेवायची असत. शस्त्रक्रियेने जठर लहान केले, पण ती दुखणी ठेवायला दुसरी जागा दिली नाही. जुना आधार एका दिवसात काढून घेतला गेला, तर माणसाला शोक होणारच. त्याला खादाडपणा म्हणू नका, आणि रुग्णाला तसे म्हणू देऊ नका.

एक साधी कसोटी मला उपयोगी पडली. पोटाची भूक हळूहळू वाढते आणि मुगाच्या वरणानेही भागते. मनाची भूक एकदम येते आणि तिला ठरावीक पदार्थच हवा असतो. मनाची भूक आली की मी दहा मिनिटे चालते, कोणाला तरी फोन करते किंवा वहीत दोन ओळी लिहिते. ती दर वेळी जाते असे नाही, पण बहुतेकदा ओसरते. चिक्की मी घेतली नाही. एकवटलेली साखर लहान जठरातून वेगाने आतड्यात उतरली, तर घाम, धडधड, मळमळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो. बायपास झालेल्यांना तो अधिक होतो. दुकानापुढे मात्र पाच मिनिटे उभी राहिले आणि यजमानांना वडिलांची ती मोजणी सांगितली. ती त्यांनीही कधी ऐकली नव्हती.

उतरलो होतो त्या घरगुती निवासात रात्री ताट आले: भात, आमटी, बटाट्याची भाजी, चपात्या, पापड. मी वरणाचे चार चमचे आणि पनीरचे दोन तुकडे खाऊन थांबले. वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ताई, एवढेच? आवडले नाही का?” गेले सहा आठवडे अशा प्रश्नाला माझे उत्तर तयार असे. नातेवाइकांना मी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाल्याचे सांगितले होते, कारण ‘सोपा मार्ग काढला’ हे शब्द मला ऐकायचे नव्हते. त्या रात्री कोणास ठाऊक कसे, मी म्हणाले, “मावशी, वजन कमी करण्यासाठी माझ्या पोटाचे ऑपरेशन झाले आहे. एवढेच मावते.” त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “मग ताट कशाला? उद्यापासून वाटीत देते.” दुसऱ्या दिवशी एका वाटीत मऊसर मुगाची खिचडी आणि दुसरीत घट्ट दही आले. त्यांनी पुन्हा काही विचारले नाही. मला हवा होता तो मान त्या दोन वाट्यांत होता.

आहाराचा क्रम तुमचे शल्यचिकित्सक आणि आहारतज्ज्ञ ठरवून देतील. साधारणपणे पहिले दोन आठवडे द्रवपदार्थ, मग वाटून केलेले, मग मऊ आणि सहा आठवड्यांच्या सुमारास हळूहळू नेहमीचे अन्न असा तो असतो. प्रत्येक जेवणात प्रथिने आधी खावीत: वरण, दही, पनीर, अंडे, मासे. दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. घास नखाएवढा, चावणे वीस-पंचवीस वेळा, जेवण वीस मिनिटांचे. छातीच्या मध्यभागी दडपण येणे, उचकी, नाकातून पाणी ही माझी ‘पुरे’ची खूण आहे. तिच्यानंतरचा एक घास उलटून पडतो. ब-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या ठरवून दिल्याप्रमाणे आयुष्यभर घ्याव्या लागतात. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा लवकर कमी करावी लागू शकते. ती स्वतःच्या मनाने बदलू नये. वेदनाशामक गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नये. तिसऱ्या महिन्यापासून केस गळू लागले, तर घाबरू नका. पोषण नीट राखल्यास ते बहुधा परत येतात.

दुसऱ्या दिवशी छोटी गाडी पाहिली. आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारलेला हा मार्ग 1907 साली सुरू झाला. नेरळ ते माथेरान हे अंतर रुळांवरून सुमारे एकवीस किलोमीटर पडते. मोटाररस्ता त्याच्या साधारण निम्मा. सरळ चढ झेपत नाही म्हणून गाडी वळणे घेत जाते. कित्येक वळणांवर आपण पुढे चाललो आहोत की मागे, हेच आतल्या प्रवाशाला कळत नाही. चौथ्या आठवड्यात माझा काटा नऊ दिवस हलला नव्हता, तेव्हा माझीही तीच गत झाली होती. असा थांबा जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. शरीर पाण्याचा आणि ऊर्जेचा हिशेब नव्याने मांडत असते. त्या काळात रोज वजन करू नका. आठवड्यातून एकदा पुरे.

संध्याकाळी पिसारनाथाच्या देवळाजवळ, शार्लोट तलावाच्या काठी बसलो. यजमान म्हणाले, “आता आपण एकत्र काय करायचे, तेच मला कळत नाही. आपण एकत्र जेवायचोच फक्त.” हे त्यांचेही दुःख होते आणि ते मी विचारलेच नव्हते. कुटुंबात एकाचे पानावरचे बसणे बदलले की सर्वांचेच बदलते. त्याविषयी बोला. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप उडाली, कशातच मन लागेना, मद्याकडे ओढ वाटू लागली किंवा जगणे नकोसे वाटले, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. शासनाची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध आहे.

आणि एक कळकळीची सूचना. शस्त्रक्रियेनंतर लगेच अशा ठिकाणी येऊ नका. गंभीर रुग्णाला माथेरानहून खाली न्यावे लागते आणि त्यात मोलाचा वेळ जातो. मीही परवानगी मिळाल्यावरच आले. ताप, विश्रांती घेऊनही मिनिटाला 120 च्या वर राहणारी नाडी, वाढती पोटदुखी, धाप, छातीत दुखणे, एका पायाची पोटरी सुजणे, काळी शौच किंवा पाणीही न ठरणारी उलटी, यांपैकी काहीही झाले तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. सतत उलट्या होत राहिल्यास ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून ‘उद्या पाहू’ म्हणू नका.

शेवटच्या सकाळी लुईझा पॉइंटपर्यंत गेले. समोर प्रबळगड धुक्यातून वर येत होता. परतीच्या वाटेवर एक हातरिक्षा रिकामी उभी दिसली. तिच्याजवळ बसलेल्या माणसाला मी ओळखत नव्हते, तोही मला ओळखत नव्हता. मी नुसता नमस्कार केला आणि दस्तुरीपर्यंत चालत गेले. या वेळी तीन ठिकाणी बसले.

घरी आल्यावर पहिला फोन धाकट्या बहिणीला केला आणि पित्ताशयाची गोष्ट खोटी होती, हे सांगितले. दवाखान्यातही एक बदल झाला आहे. वजन वाढलेला रुग्ण समोर बसला की ‘खाणे कमी करा’ हे वाक्य मी आता पहिल्यांदा उच्चारत नाही. आधी विचारते, “दिवस वाईट गेला की तुम्ही काय खाता?” बहुतेक जण थोडे थांबतात, आणि मग सांगू लागतात.