आर्टूस्त आणि एक वॉशर

वर्कशॉपमागच्या शेडमध्ये ते पडून होतं. वर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर मोडक्या खुर्च्या, आणि हवा आत घ्यायच्या तोंडात कुणीतरी कोंबलेलं गोणपाट. पुण्याजवळच्या या इन्स्टिट्यूटमध्ये मी शिकवायला लागले, तेव्हा पहिलं वर्षभर मला तो जुना एअर कॉम्प्रेसरच वाटत होता. मग एका पावसाळ्यात शेड गळायला लागली, खुर्च्या हलवल्या, ताडपत्री सरकली आणि एक पाटी दिसली. अंगठ्याने पुसली. आर्टूस्त ३बी.

मी तिथेच ओल्या फरशीवर उकिडवी बसले.

आर्टूस्त हे पिरेनीज पर्वतातल्या एका तळ्याचं नाव आहे. टर्बोमेका ही फ्रेंच कंपनी त्याच डोंगरांच्या पायथ्याशी बोर्द गावात इंजिनं बनवायची आणि त्यांना आसपासच्या डोंगर-तळ्यांची नावं द्यायची. कंपनी काढणारा जोसेफ शिदलोव्स्की मूळचा पोलंडमधला. १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं आलुएट २ हे टर्बाइनवर चालणारं, कारखान्यात रीतसर संख्येने तयार झालेलं पहिलं हेलिकॉप्टर. त्यात आर्टूस्त होतं. पुढे आलुएट ३ आलं. ते आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बंगळुरूत परवान्यावर बनवलं आणि १९६५ मध्ये उडवलं. फ्रेंचमध्ये आलुएट म्हणजे चंडोल. आपण त्याचं नाव ठेवलं चेतक. पक्ष्याचा घोडा झाला, इंजिन मात्र तेच राहिलं. आर्टूस्त ३बी.

म्हणजे आमच्या गळक्या शेडमध्ये, खुर्च्यांखाली, चेतकचं हृदय होतं. ‘हृदय’ हा शब्द वर्गात वापरला तर पोरं हसतात, पण त्या दिवशी मला तोच सुचला.

हे चालू करायचं, असं मी ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. इथेच माझं चुकलं, पण ते कळायला आठ महिने लागले.

पहिल्यांदा भोसरीच्या बेअरिंगवाल्यांकडे गेले. फोटो दाखवले. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “असलं बेअरिंग माझ्याकडे नाही. असतं तरी विकलं नसतं. पण एक माणूस आहे.” तो माणूस म्हणजे चीफ. नौदलातून चीफ आर्टिफिसर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, आता दिघीत राहणारे. कुलाब्याच्या तळावर आणि जहाजांवर मिळून त्यांची बरीच वर्षं चेतकच्या इंजिनांसोबत गेली होती. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. “ही याचीच देणगी,” इंजिनाकडे हनुवटी करून त्यांनी सांगितलं.

पहिल्या रविवारी त्यांनी इंजिनाला हातसुद्धा लावला नाही. हात पाठीमागे बांधून दोन चकरा मारल्या आणि विचारलं, “लॉगबुक कुठाय, मॅडम?”

लॉगबुक नव्हतं. किती तास चाललं, किती वेळा सुरू केलं, कुठला भाग कधी बदलला, काहीच नव्हतं. चीफ ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’चा अर्थ मी तेव्हा लावला नाही.

आमची टोळी जमली ती अशी. चीफ, बेअरिंगवाले, मी, आणि तिसऱ्या वर्षाची चार पोरं. त्यातला एक नांदेडचा, ज्याच्या हाताला उपजतच यश होतं. दर रविवारी सकाळी नऊ. चहा टपरीवरचा, वडापाव आळीपाळीने.

सगळ्यात आधी हत्यारांचा बोर्ड बनला. प्लायवर प्रत्येक पान्याची आकृती काढायची, ती काळी रंगवायची, पाना त्याच्याच सावलीवर टांगायचा. निघताना एक सावली उघडी दिसली तर कुणी घरी जायचं नाही. मला हे लष्करी खूळ वाटलं होतं. खरं तर जगभरच्या हँगरमध्ये हेच चालतं.

रोटर जाम होता. आत कुंभारमाशीने मातीची घरटी बांधलेली, आणि कित्येक पावसाळ्यांची ओल. फोनला जोडायचा लवचिक कॅमेरा हजार-बाराशेला मिळतो, तो आत सोडला की स्क्रीनवर सगळं दिसायचं. अक्षीय कॉम्प्रेसरची पाती, त्यामागचं मोठं सेंट्रिफ्यूगल चाक, मधेमधे मातीचे गोळे. पोरं त्याला इंजिनाची एंडोस्कोपी म्हणायची. माती आम्ही बांबूच्या काड्यांनी आणि व्हॅक्यूम क्लीनरने काढली. धातूचं काहीही आत घालायचं नाही, हा चीफचा हुकूम.

गंज सोडवायचं तेल रोज थेंबथेंब सोडत होतो. तीन आठवडे काही नाही. एका पोराने हळूच लाकडी हातोडा उचलला, तर चीफनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. चौथ्या रविवारी नांदेडच्या पोराने हाताने चाकाला जोर दिला आणि आतून बारीक ‘कट्’ झालं. फार तर दोन मिलिमीटर हललं असेल. आम्ही सगळे ओरडलो. चीफना आवाज ऐकू आला नव्हता, पण त्यांची बोटं आवरणावर होती. ते म्हणाले, “हाललं.”

या इंजिनात इंधन फवारायची पद्धत मला अजून अप्रूपाची वाटते. बहुतेक टर्बाइनमध्ये नोझल एका जागी पक्की असतात. इथे इंधन पोकळ शाफ्टमधून येतं आणि शाफ्टवरच्या भोकं पाडलेल्या चाकातून बाहेर भिरकावलं जातं. गोफणीसारखं. जितक्या जोरात फिरेल तितकं बारीक तुषार. वेगळा मोठा दाब नको, बारीक नोझल तुंबायची भानगड नको. शेतातल्या तुषार सिंचनाचं डोकं, फक्त मिनिटाला ३३,५०० फेऱ्यांवर.

हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहून घेते. ३३,५०० म्हणजे सेकंदाला साडेपाचशेहून जास्त फेऱ्या. या वेगात मध्यापासून दहा सेंटीमीटरवर असलेला एक ग्रॅम वजनाचा तुकडा सव्वाशे किलोच्या ताकदीने बाहेर ओढला जातो. एक ग्रॅम म्हणजे साधारण वीस-पंचवीस गव्हाचे दाणे किंवा एक छोटा वॉशर.

आता वॉशरचीच गोष्ट.

सहाव्या महिन्यात गिअरबॉक्सच्या बाजूचं एक झाकण परत बसवत होतो. मोजणीचं काम माझ्याकडे होतं. काढलेला प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर वहीत लिहायचा, बसवताना खोडायचा. त्या दिवशी मला संध्याकाळी एका लग्नाला जायचं होतं. झाकण बसलं. चीफनी विचारलं, “मोजलं?” मी म्हटलं, “मोजलं.” मोजलं नव्हतं.

रात्री लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर वही. सोमवारी सकाळी वर्कशॉप उघडून मोजलं. बारा वॉशर काढले होते, अकरा खोडलेले. चीफना फोन केला. खोटं सांगून वेळ मारून नेता आली असती, तो विचार मनात आला नाही असं नाही. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बरं केलं सांगितलं. आता उघडायचं.”

“काका, बाहेरच कुठेतरी पडला असेल.”

“असेल. उघडायचं.”

तीन रविवार गेले. वॉशर स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला चिकटत नाही. कॅमेऱ्याने कोपरा न् कोपरा पाहिला, इंजिन तिरकं करून खालून कागद धरला, फरशी ओल्या फडक्याने पुसली. पोरांचे वडापाव मी दिले, आणि कुणी मला काही बोललं नाही, हेच जास्त लागलं. तिसऱ्या रविवारी बेअरिंगवाल्यांना तो सापडला, ग्रीसच्या डब्यात, झाकणाखालच्या बटरपेपरला चिकटलेला.

मला हायसं वाटलं आणि वाटलं तेवढं बोलून गेले. “बघा, इंजिनात नव्हताच.”

चीफ वॉशर पुसत होते. “हे आता कळलं ना. तेव्हा ठाऊक होतं का?”

मग त्यांनी सांगितलं, तेही डोळे वॉशरवरच ठेवून. तरुणपणी जहाजावर एकदा त्यांच्या तुकडीतला एक स्क्रूड्रायव्हर सापडेना. हेलिकॉप्टर रात्रभर जमिनीवर. सकाळी तो एका ओव्हरऑलच्या खिशात मिळाला. पायलट खुशाल झोपला होता. “त्याला झोप लागली, कारण आम्हाला लागली नव्हती,” एवढंच.

तोपर्यंत इंजिन दिसायला झकास झालं होतं. रोटर बोटाने ढकलला तरी फिरायचा. गॅदरिंगला ते सगळ्यांसमोर सुरू करावं, असा इन्स्टिट्यूटमधून आग्रह सुरू झाला. मलाही तेच हवं होतं. खरं सांगायचं तर मुख्य पाहुण्यांसमोर मी हेडफोन घालून अंगठा वर करतेय, हा फोटो मनात काढूनही झाला होता.

चीफ नाही म्हणाले.

मी वाद घातला. हे काही उडणार नाहीये. जमिनीला पक्कं बांधू. पाच मिनिटं. परदेशात हौशी लोक जुनी टर्बाइनं ट्रॉलीवर ठेवून चालवतात. आणि हे इंजिन किती दांडगं आहे! मूळ ताकद ८७० अश्वशक्तीच्या आसपासची, ती मुद्दाम ५७० च्या घरात बांधून ठेवलेली, म्हणजे उन्हात आणि उंचीवर हवा विरळ झाली तरी कमी पडू नये. याच इंजिनावर १९७२ मध्ये जाँ बुले १२,४४२ मीटरपर्यंत गेला होता.

“आणि वर गेल्यावर काय झालं?” चीफनी विचारलं.

इंजिन विझलं होतं. बुलेने सगळी उंची इंजिनाशिवाय, नुसत्या वाऱ्यावर पंखा फिरवत उतरून काढली. हे मला माहीत होतं. मी सोयीने गाळलं होतं.

त्यांनी कॅमेऱ्यातला एक फोटो पुढे केला. पुढच्या बेअरिंगच्या एका गोळीवर तिळाएवढा डाग. मग म्हणाले, टर्बाइनच्या चकतीवर असा डागही दिसत नाही. प्रत्येक वेळी सुरू केलं की ती तापते, ताणते, थंड होते. याचा हिशोब डोळ्याला नाही, कागदाला माहीत असतो. “तुमच्याकडं कागद नाही. ते पाहुणे, ती पोरं कुठं उभी राहणार सांगा.”

मी दोन दिवस चिडून होते. मग फळ्यावरचं माझंच गणित आठवलं, सव्वाशे किलोवालं. शेडच्या भिंती पत्र्याच्या आहेत.

गॅदरिंगला इंजिन नुसतंच उभं राहिलं. लोकांनी सेल्फी काढले. एका पालकांनी विचारलं, “चालत नाही का?” नांदेडचा पोरगा म्हणाला, “चालवत नाही.”

पण चीफनी एक गोष्ट कबूल केली होती. कोरडं फिरवायचं. इंधनाची वाट बंद, ठिणगी काढून टाकलेली, नुसत्या स्टार्टरवर. परीक्षा संपल्यावरच्या रविवारी आम्ही ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केले. आत तेल सोडलं. हत्यारं मोजली, सावल्या झाकल्या, मी वही दोनदा तपासली. चीफनी सगळ्यांना टर्बाइनच्या रेषेतून हटवून पुढच्या बाजूला उभं केलं. कोरडं असलं तरी.

बटण दाबलं. आधी घरघर, मग त्यातून वर चढत जाणारी शीळ, प्रेशर कुकर शिटी द्यायच्या आधी करतो तशी, पण थांबायचं नाव नाही. पंधरा सेकंदांनी चीफनी हात खाली केला. बटण सोडलं. पोराने स्टॉपवॉच सुरू केलं, कारण खरी परीक्षा त्यानंतर असते. रोटर किती वेळ फिरत राहतो आणि थांबताना कुठे घासतो का.

चीफनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आवरणावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटले. मग डोकं हलवलं आणि तो माझ्या हातात दिला.

“माझ्यानं आता होत नाही. तू ऐक, पोरी.”

आठ महिन्यांत पहिल्यांदा मॅडम नाही. मी कान लावला. गोळ्यांची सळसळ, लांबून येणाऱ्या पावसासारखी, आणि तिच्यात दर फेरीला एक बारीकसा टिच् . फिरणं मंदावलं तसा तो सुटा सुटा ऐकू येऊ लागला. तिळाएवढा डाग.

“काय ऐकू येतंय?”

मी सांगितलं.

“लिही,” ते म्हणाले. नवीन वहीच्या पहिल्या पानावर मी तारीख घातली, खाली थांबायला लागलेले सेकंद लिहिले, त्याखाली टिच्. नांदेडच्या पोराने सही केली. चीफनी वही मागून घेतली, दोन्ही ओळी वाचल्या आणि सहीसाठी माझ्याकडे पेन मागितलं.