पाण्याची ओढ

तरणतलावाच्या तळाशी एक काळी रेघ असते. तिच्यावर नजर ठेवून पोहलं की दिशेचा विचार करावा लागत नाही. थोड्या थोड्या अंतराने भिंत येते, पाय टेकतात, श्वास सावरतो. समुद्रात रेघ नाही आणि भिंतही नाही. गोव्यातल्या मिरामारच्या अर्ध-आयर्नमॅनमध्ये १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. एवढं पोहणं पुण्याच्या तलावात रोज होतंच. तरी त्या अंतरासाठी मी मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर येऊन नव्याने शिकते आहे. इथे डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. मुलं उतरतात, आजोबाही उतरतात.

पहिल्या काही मिनिटांत छाती आवळते. आपण दमलो असं वाटतं, पण अंग दमलेलं नसतं. भीतीपोटी हवा घेत राहतो आणि सोडायची राहून जाते. आतला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि शरीर आणखी हवा मागतं. म्हणून तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत राहायचं, अगदी आवाज करून. मी पाण्यात गुणगुणते. गुणगुणताना श्वास कोंडून धरताच येत नाही. एकदा तो लयीत आला की खारं पाणी आपलं होतं. गोड्या पाण्यापेक्षा ते लिटरमागे साधारण पंचवीस ग्रॅम जड असतं, त्यामुळे कंबर आणि पाय आपसूक वर येतात. तलावात ज्या पायांशी भांडत होते, ते इथे अलगद तरंगतात.

मग दिशा. काही हात मारले की डोळे तेवढे पाण्याबाहेर काढायचे, कपाळ आणि चष्मा, त्याहून जास्त नाही. मान उंच केली की पाय बुडतात. समोर बघून झालं की तशीच मान कुशीला वळवून श्वास घ्यायचा. केशरी बोया लाटेमागे दडलेला असतो, म्हणून त्याच्या मागचं काहीतरी उंच हेरून ठेवायचं: एखादा माड, कौलारू घराचा कोपरा. आणि बघायचं ते लाट आपल्याला उचलते त्याच क्षणी. खोलगट भागात असताना मान वर केली तर पुढे नुसती पाण्याची भिंत दिसते.

एवढं पोहणाऱ्यांकडून शिकता येतं. पाणी वाचायला शिकवलं ते इथल्या एका म्हाताऱ्या काकांनी, ज्यांचा जन्म रापण ओढण्यात गेला. मी टोपी घालून निघाले की ते हाक मारतात, ‘थांब गो बाय वायच.’ वाळूवरचं नारळाचं सोडण उचलून पाण्यात भिरकावतात. ‘ह्यां खंय जातां तां बघ, मगे तू जा.’ सोडण आधी जागच्या जागी डुलतं. मग हळूच उत्तरेकडे सरकू लागतं, आणि माझ्या घड्याळात कुठेच नसलेली गोष्ट समोर दिसते. आज जाताना पाणी पाठीशी आहे, येताना अंगावर येणार. तेवढी ताकद राखून ठेवायची.

लाटा फुटत नाहीत ती जागा शांत वाटते. बऱ्याचदा तिथूनच पाणी आत खेचून नेतं. सुट्टीत कोकणात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात तेव्हा जीव कळवळतो, कारण त्या पट्ट्यात सापडलेला माणूस किनाऱ्याकडे तोंड करून झुंजत राहतो आणि तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर पडायचं, मग वळायचं. शाळेत मतलई आणि खारे वारे पाठ करून घेतात. त्यांच्यासोबत हे एवढं शिकवलं तरी माणसं वाचतील. मतलई वाऱ्याचा अर्थही मला इथेच कळला. पहाटे तो जमिनीवरून वाहतो आणि किनाऱ्यालगतचं पाणी सपाट ठेवतो. दुपारी खारा वारा सुटला की लाटा तोंडावर आपटतात. मग ज्या बाजूने त्या येतात, तिच्या उलट बाजूला श्वास घ्यावा लागतो. म्हणून दोन्ही कुशींना श्वास घेता आला पाहिजे.

हवाई बेटांवर १९७८ मध्ये पहिली आयर्नमॅन झाली. उतरलेल्या पंधरा जणांच्या शर्यतीची सुरुवात समुद्रापासूनच होती. पोहणं पहिलं, हे शहाणपणाचं. दमलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये. पुण्याला समुद्र नाही, तरी पुण्याच्याच रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड खाड्या पोहून पूर्ण केल्या, आशियातले पहिले. ते नाव आठवलं की मला समुद्र लांबचा वाटत नाही.

शर्यतीत दुसऱ्याच्या पायांमागे, त्याच्या बुडबुड्यांत पोहायला मुभा असते. सायकलवर मात्र असं मागे लागलं की दंड. पण पुढच्याची दिशा चुकली तर आपलीही चुकते, म्हणून मान आपली आपणच वर काढायची.

भरतीची वेळ काका तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की साधारण तास निघतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उद्या अष्टमी आहे. सहाच्या सुमारास भरती, त्यात भांगाचं पाणी, म्हणजे ओढ कमी. उजाडलं की उतरायचं, दोन बोयांच्या मधल्या चार फेऱ्या, आणि ऊन चढायच्या आत सायकल काढायची.