सोमवारचा ईस्टर

ईस्टरच्या पहाटे नगरकडची आमची मंडळी कबरस्तानात जमते. ‘प्रभू उठला आहे!’ पाळकसाहेब म्हणतात. ‘खरोखर उठला आहे!’ आम्ही ओरडतो. (मीही उठलेला असतो, डोळे तेवढे मिटलेले.)

यंदा शेजारी नेमके मास्तर! त्यांच्या शेवग्याची फांदी आमच्या कौलांवर येते, म्हणून तीन वर्षं अबोला. त्यात ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान, म्हणजे ऐन शेंगांच्या दिवसांत! उपदेश क्षमेवर निघाला. मी आभाळाकडे पाहिलं, मास्तरांनी चपलांकडे. मरणावरचा विजय मला मान्य होता हो. पण कौलांचं काय?

सोमवारी दार वाजलं. मास्तर! हातात शेंगांची जुडी.

‘खरोखर...’ एवढंच म्हणाले नि अडले.

‘उठलोय, मास्तर. आत या, चहा टाकतो.’

फांदी अजून कौलांवरच आहे.